आधी लाइन, मग मशीन

घरातल्या सॉकेटवर काही महिने वेल्डिंग मशीन चालवलं असेल, तर त्याचा प्लग एकदा काढून बघावा. फेजची पिन अनेकदा काळी-निळी पडलेली दिसते, तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं होऊन फुगलेलं असतं आणि सॉकेटच्या भोकातून जळकट वास येतो. मशीन चालू असतं म्हणून कुणी मनावर घेत नाही. नवा प्लग येतो आणि थोड्याच दिवसांत तोही तसाच होतो. दोष प्लगचा नसतो. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून १८-२० अँपिअर ओढले जात असतात आणि ती लाइन मुळात पाण्याच्या छोट्या पंपासाठी टाकलेली असते.

पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूरच्या वेशीवरच्या बंगल्यांत गाडीच्या शेडचा एक कोपरा हळूहळू वर्कशॉप होत जातो. सुरुवात ड्रिल मशीनपासून होते. मग गणपतीच्या मखरासाठी मार्बल कटर येतो, गेट दुरुस्त करायला ग्राइंडर येतो, निवृत्तीनंतर सुतारकामाची जुनी हौस वर येते आणि टेबल सॉ, कॉम्प्रेसर, इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन अशी रांग लागते. हत्यारं बदलतात, वायरिंग मात्र तेच राहतं: एक दिवा, एक पंखा आणि भिंतीवरचा एकुलता एक पॉवर प्लग.

हा क्रम उलटा व्हायला हवा. मशीनची निवड करतानाच त्याच्या लाइनचा विचार झाला पाहिजे, आणि लाइन तयार झाल्यावरच मशीन घरी आलं पाहिजे. या लेखाचा उद्देश वाचकाला वायरमन बनवणं हा नाही. वायरमनला काय सांगावं, काय मागावं आणि काम झाल्यावर काय तपासावं, एवढं घरमालकाला कळलं तरी निम्मे धोके टळतात.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. थ्री-फेज लाइनला बोलण्यात सरसकट ‘चारशे चाळीस’ किंवा ‘हाय व्होल्टेज’ म्हणतात. आपल्याकडे फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, दोन फेजमध्ये सुमारे ४०० ते ४१५. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत २५० व्होल्टपर्यंतचा दाब कमी, ६५० पर्यंतचा मध्यम आणि त्यापुढचा उच्च मानला होता. म्हणजे वर्कशॉपची थ्री-फेज लाइन मध्यम दाबात मोडत असे. जीव घ्यायला मात्र साधे २३० व्होल्टही पुरतात, त्यामुळे नाव कोणतंही असो, काळजी तीच.

यादी आणि हिशेब

कागद घ्यावा आणि प्रत्येक मशीनच्या नेमप्लेटवरचे आकडे उतरवून काढावेत. वॅटला २३० ने भागलं की साधारण अँपिअर मिळतात. चार इंची ग्राइंडर ७०० ते ८५० वॅटचा, म्हणजे तीन-चार अँपिअर. दहा इंची टेबल सॉ दीड ते दोन हजार वॅटचा, म्हणजे सात ते नऊ. पाइप आणि अँगल कापायचा चौदा इंची कटर दोन हजार वॅटच्या पुढे जातो आणि एकटाच नऊ-दहा अँपिअर घेतो. मोटारींचा आकडा हॉर्सपॉवरमध्ये असतो. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते शाफ्टवर मिळणारं काम असतं. मोटारीची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर धरला की सिंगल फेजचा दोन एचपी कॉम्प्रेसर दहा-अकरा अँपिअर ओढतो.

वेल्डिंगचा हिशेब सगळ्यांत जास्त चुकतो, कारण मशीनवर लिहिलेले २०० अँपिअर हे रॉडकडे जाणारे असतात, भिंतीतून येणारे नव्हेत. समजा, ३.१५ मिलिमीटरचा रॉड १०० अँपिअरवर चालवला. आर्कचा दाब साधारण २४ व्होल्ट असतो, म्हणजे रॉडपाशी २,४०० वॅट. मशीनमधली घट धरली की भिंतीतून २,९०० वॅटच्या आसपास येतात. साध्या इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या घरात असतो. तो धरला की प्रत्यक्ष प्रवाह १८ अँपिअरवर जातो. काळ्या पडलेल्या पिनचं कारण हे. चार मिलिमीटरचा रॉड लावला की आकडा आणखी चढतो.

फॅब्रिकेशनच्या दुकानातून स्वस्तात मिळणारा जुना ऑइल-कूल्ड वेल्डिंग सेट बहुधा दोन फेजवर, ४१५ व्होल्टवर चालणारा असतो. तो सिंगल फेजच्या घरात आणू नये. काहीतरी करून चालवून देतो म्हणणाऱ्यालाही नकार द्यावा.

यादी झाल्यावर एकाच वेळी काय काय चालेल याचा विचार करावा. घरच्या वर्कशॉपमध्ये माणूस एकच असतो, तो एका वेळी एकच हत्यार चालवतो. पण कॉम्प्रेसर टाकीतला दाब उतरला की आपोआप सुरू होतो, धूळ ओढणारा ब्लोअर सॉबरोबर चालतो, दिवे आणि पंखा चालू असतातच. सगळ्यांत मोठं हत्यार, त्यात कॉम्प्रेसर, त्यात ब्लोअर आणि दिवे ही बेरीज खरी. उद्या विजेवरची गाडी घ्यायचा विचार असेल तर चार्जरचा भारही आजच धरावा, कारण तो याच शेडमध्ये लागणार आहे.

सिंगल फेज की थ्री-फेज

ही बेरीज महावितरणच्या बिलावरच्या ‘मंजूर भार’ या रकान्याशी ताडून पाहावी. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटाच्या बिलावरही हा आकडा असतो. बेरीज त्याच्या वर जात असेल, तर भार वाढवण्याचा अर्ज करावा. भार बराच मोठा असेल तर थ्री-फेज जोडणी घ्यावी लागते; तिचा स्थिर आकार जास्त असतो, पण मोटारी चालवायच्या असतील तर ती सोयीची पडते.

फरक किती पडतो ते तीन एचपीच्या मोटारीवरून कळतं. सिंगल फेजवर ती सोळा अँपिअर किंवा त्याहून थोडे जास्त घेते. तीच ताकद थ्री-फेजवर प्रत्येक फेजमधून साधारण पाच अँपिअरमध्ये मिळते. सुरू होताना मोटार काही क्षण चालू प्रवाहाच्या पाच ते सात पट ओढते. सिंगल फेजवर हा झटका शंभर अँपिअरच्या आसपास जातो आणि घरातले दिवे मंदावतात, थ्री-फेजवर तो तीसभर अँपिअरमध्ये आटोपतो. शिवाय थ्री-फेज मोटारीला कपॅसिटर नसतो, सेंट्रिफ्यूगल स्विच नसतो. बिघडण्याजोगं कमी असतं.

थ्री-फेजबरोबर तीन काळज्या येतात. पहिली, एखादा फेज जाणं. खांबावरचा एक फ्यूज उडाला की चालू मोटार उरलेल्या दोन फेजवर घरघरत राहते आणि काही मिनिटांत जळते. म्हणून प्रत्येक थ्री-फेज मोटारीच्या स्टार्टरसोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच. दुसरी काळजी दिशेची. कोणतेही दोन फेज अदलाबदल झाले तर मोटार उलटी फिरते. लाइनचं काम झाल्यावर पट्टा काढून किंवा पातं उतरवून मोटार आधी नुसती फिरवून पाहावी. उलट्या फिरणाऱ्या सॉमध्ये लाकूड घालणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

तिसरी काळजी न्यूट्रलची. थ्री-फेज घरात न्यूट्रल सैल पडला किंवा तुटला, तर कमी भाराच्या फेजवरचा दाब २३० वरून चढत जाऊन ४०० च्या जवळ पोहोचू शकतो. टीव्ही, फ्रिज आणि एलईडी दिवे एका दमात जातात. न्यूट्रलचे जोड पिळून बांधलेले नसावेत, लग लावून घट्ट केलेले असावेत, आणि मेन स्विच चारही तारा एकदम तोडणारा, म्हणजे फोर-पोल असावा.

थ्री-फेज मिळणं शक्यच नसेल तर व्हीएफडीचा पर्याय आहे. २३० व्होल्ट सिंगल फेज आत घेऊन २३० व्होल्टचे तीन फेज बाहेर देणारे व्हीएफडी छोट्या मोटारींसाठी मिळतात. अट एवढीच, की मोटारीची सहाही टोकं बाहेर काढलेली असावीत आणि नेमप्लेटनुसार ती डेल्टात २३० व्होल्टवर जोडता यावी. मोटार हळूहळू वेग घेत असल्याने सुरुवातीचा झटकाही बसत नाही.

आणखी एक मुद्दा कायद्याचा आहे. घरगुती दराच्या जोडणीवर स्वतःच्या हौसेचं काम करणं वेगळं आणि पैसे घेऊन लोकांची गेटं, फर्निचर करून देणं वेगळं. मंजूर कारणापेक्षा वेगळ्या कारणासाठी वीज वापरणं हे विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापर ठरतं आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. धंदा सुरू करायचा असेल तर योग्य वर्गवारीची जोडणी आधी घ्यावी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर असं वर्कशॉप उभारूच नये. ती जागा सामाईक, मीटर सामाईक आणि शेजारच्या गाडीच्या टाकीत पेट्रोल.

मीटरपासून शेडपर्यंत

शेडची लाइन स्वयंपाकघराच्या किंवा बाथरूमच्या बोर्डातून ओढू नये. मीटरजवळच्या मेन बोर्डातून स्वतंत्र एमसीबी घेऊन थेट शेडपर्यंत एकसंध केबल न्यावी, मध्ये कुठेही जोड नको.

तारेची जाडी ठरवताना दोन गोष्टी बघतात: तार किती प्रवाह न तापता सोसते आणि अंतरामुळे किती व्होल्ट वाटेत जातात. कंड्यूटमधल्या २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेसाठी कंपन्यांच्या तक्त्यात साधारण १८ अँपिअर दिलेले असतात, ४ चौरस मिलिमीटरला २४, ६ ला ३१ आणि १० ला ४२. हे आकडे ४० अंश तापमानाचे आहेत. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पत्र्याखाली पन्नास अंश सहज होतात. तेव्हा पीव्हीसी तारेची क्षमता जवळपास एक पंचमांशाने घटते आणि २.५ ची तार पंधरा अँपिअरवर येते. पत्र्याला चिकटून जाणारं वायरिंग म्हणूनच टाळावं. भिंतीने, सावलीतून न्यावं.

अंतराचा हिशेब घरमालकालाही करता येतो. शेड मीटरपासून तीस मीटरवर आहे असं समजू. जाऊन-येऊन साठ मीटर तार. २.५ ची तार वापरली तर एकूण अवरोध अर्ध्या ओहमच्या जवळ जातो. वीस अँपिअरवर साडेनऊ व्होल्ट वाटेतच संपतात, आणि मोटार सुरू होताना साठ अँपिअर ओढले गेले तर एकोणतीस. संध्याकाळी मुळात २१० व्होल्ट येत असतील, तर मोटारीच्या वाट्याला १८० च्या आसपास उरतात. ती गुरगुरते, फिरत नाही आणि तापते. लोक मोटारीला दोष देतात, कपॅसिटर बदलतात. याच अंतरावर ६ चौरस मिलिमीटरची तार टाकली तर साठ अँपिअरलाही फक्त बारा व्होल्ट पडतात आणि तीच मोटार पहिल्या झटक्यात उठते.

एक्स्टेंशन बोर्डाच्या बाबतीत हाच नियम आणखी कडक होतो. पाऊण चौरस मिलिमीटरच्या वीस मीटर लांब वायरवर दहा अँपिअरचा कटर लावला, तर त्या वायरमध्येच शंभर वॅटहून जास्त उष्णता तयार होते. वायर अंगणात पसरलेली असेल तर ती हवेत जाते. पण वायर गुंडाळीतच राहिली तर आतली वेटोळी मऊ होऊन एकमेकांना चिकटतात आणि शॉर्ट होतो. मोठ्या हत्याराला एक्स्टेंशन लागलंच, तर निदान २.५ चौरस मिलिमीटरची, तीन तारांची वायर घ्यावी आणि पूर्ण उलगडूनच वापरावी.

बंगल्यापासून सुट्या असलेल्या शेडला जमिनीखालून ११०० व्होल्टची आर्मर्ड केबल नेणं सर्वांत भरवशाचं. पाऊण मीटर खोल चर, खाली-वर वाळू, वर विटांचा थर आणि मग माती. विटा असल्या की पुढे कुणी आळं करायला कुदळ मारली तरी आधी वीट लागते. घुशी आणि उंदरांचा त्रास असलेल्या ठिकाणी नुसती पीव्हीसी वायर पाइपात घालून पुरू नये. केबलच्या दोन्ही टोकांना ग्लँड हवेत आणि तिचं पोलादी चिलखत अर्थिंगला जोडलेलं हवं.

शेडचा स्वतःचा बोर्ड

शेडमध्ये शिरताच हात पोहोचेल अशा जागी स्वतंत्र डीबी, म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्ड, असावा. त्याच्यासमोर निदान एक मीटर जागा कायम मोकळी ठेवावी. प्लायवूडच्या पाट्या, रंगाचे डबे तिथे रचू नयेत. आत आयसोलेटर, त्यानंतर गळती ओळखून लाइन तोडणारा आरसीसीबी आणि मग प्रत्येक सर्किटचा एमसीबी असा क्रम.

एमसीबी तारेच्या संरक्षणासाठी असतो, हे कधी विसरू नये. २.५ च्या तारेवर १६ चा, ४ वर २० चा, ६ वर २५ चा. एमसीबी सारखा पडतो म्हणून तार तीच ठेवून मोठा एमसीबी बसवणं ही आगीची तयारी आहे. मोटार सुरू होताना पडत असेल तर उपाय निराळा. एमसीबीचे बी, सी आणि डी असे प्रकार असतात. बी तीन ते पाच पट प्रवाहाला क्षणात पडतो, सी पाच ते दहा पटीला आणि डी दहा ते वीस पटीला. दिव्यांना बी किंवा सी चालतो, हातातल्या हत्यारांना सी आणि जड सुरुवातीच्या कॉम्प्रेसरला डी. मात्र डी बसवण्याआधी शॉर्ट झाल्यावर तेवढा प्रवाह त्या लाइनवर मिळेल का, हे वायरमनकडून तपासून घ्यावं.

सर्किटं वेगळी करताना हात सैल सोडावा. वेल्डिंगला एक, कॉम्प्रेसरला एक, सॉ आणि कटरला एक, बाकावरच्या छोट्या हत्यारांच्या सॉकेटना एक आणि दिवे-पंख्याला एक. दिवे कधीही मशीनच्या सर्किटवर नसावेत. सॉ अडकून एमसीबी पडला आणि त्याच वेळी अंधार झाला, तर पातं अजून फिरत असतं आणि हात कुठे आहे ते दिसत नाही. शक्य असेल तर दिव्यांना स्वतंत्र आरसीसीबी द्यावा.

वेल्डिंग आणि कॉम्प्रेसरला घरगुती सॉकेट नको, औद्योगिक प्लग-सॉकेट घ्यावं. २३० व्होल्टचं निळं, तीन पिनांचं. थ्री-फेजचं लाल, पाच पिनांचं. १६ आणि ३२ अँपिअरमध्ये दोन्ही मिळतात. पिना जाड, झाकण स्प्रिंगचं, प्लग झटक्याने निसटत नाही. वेल्डिंगसाठी ३२ अँपिअरचं सॉकेट आणि त्याला ६ चौरस मिलिमीटरची तार ही जोडी ठीक बसते. सगळी सॉकेटं कमरेच्या वर, बाकाच्या उंचीपेक्षा थोडी वर असावीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते. जिथे गाडीही उभी राहते, तिथे खालच्या सॉकेटमधली एक ठिणगी पुरते. लाकडाचा भुसा आणि पावसाचं पाणीही खालीच जमतं.

अर्थिंग आणि आरसीसीबी

ज्याच्यावर सर्वांत कमी खर्च केला जातो आणि ज्याच्यावर जीव सर्वांत जास्त अवलंबून असतो, ते म्हणजे अर्थिंग.

समजा, ग्राइंडरच्या आत फेजची तार सोलवटून धातूच्या अंगाला लागली. अर्थिंग केलेलं आहे, सगळी वाट मिळून पाच ओहम अवरोध आहे, म्हणजे तसं बरंच चांगलं. जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. आता ३२ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी क्षणात पडायला निदान १६० अँपिअर लागतात. ४६ ला तो तासभरही तग धरू शकतो. तेवढा वेळ ते यंत्र जिवंत असतं आणि ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस त्याला धरून असतो. माणसाच्या शरीरातून दहा मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला की स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. तीसच्या पुढे, क्षणापेक्षा जास्त काळ गेला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. एमसीबीला हे कळतसुद्धा नाही.

आरसीसीबी नेमकं हेच मोजतो. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह सारखा नसेल, तर उरलेला कुठेतरी गळतो आहे, असं समजून तो सेकंदाच्या काही भागात लाइन तोडतो. शेडसाठी तो ३० मिलिअँपिअरचा हवा. १०० किंवा ३०० चा आगीपासून वाचवतो, माणसाला नाही. इन्व्हर्टर वेल्डिंग आणि व्हीएफडी असतील तर साधा एसी प्रकार पुरत नाही. निदान ए प्रकारचा घ्यावा आणि व्हीएफडीच्या माहितीपत्रकात काय सांगितलं आहे ते वाचावं. आरसीसीबी जास्त भारापासून संरक्षण देत नाही, त्यामुळे एमसीबी हवाच. दोन्ही एकात हवं असेल तर आरसीबीओ मिळतो.

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून काढून टाकला, असं सर्रास ऐकू येतं. तो पडतो तेव्हा काहीतरी सांगत असतो. कधी दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात. कधी जुन्या ग्राइंडरमध्ये कार्बन ब्रशची पूड साचून अंगाकडे गळती होत असते. सगळे प्लग काढून, एकेक लावत गेलं की दोषी हत्यार सापडतं. ते दुरुस्त करावं किंवा भंगारात द्यावं.

अर्थिंगसाठी अडीच मीटर लांबीचा, निदान ४० मिलिमीटर व्यासाचा जीआय पाइप किंवा ६० सेंटिमीटर बाजूची चौकोनी प्लेट, ही प्रचलित पद्धत भारतीय मानकांतही आहे. पण जागा पाहावी लागते. काळ्या मातीत ओल टिकते तोवर अर्थिंग उत्तम असतं, उन्हाळ्यात जमीन भेगाळली की ढिलं पडतं. म्हणून खड्ड्यात पाणी घालायची सोय ठेवावी. कोकणात जांभ्यात आणि घाटावर मुरमाखाली लगेच काळा पाषाण लागतो तिथे एक पाइप बहुधा पुरत नाही. दोन-तीन इलेक्ट्रोड, त्यांच्या लांबीइतकं अंतर ठेवून, एकमेकांना पट्टीने जोडावे लागतात. काम झाल्यावर अर्थ टेस्टरने ओहम मोजून मागावेत आणि बोर्डाच्या दारावर तारखेसह लिहून ठेवावेत.

शेड पत्र्याची असेल तर तिचे खांब आणि पत्रेही अर्थिंगला जोडावेत. एखादी तार पत्र्याच्या कडेला घासून सोलवटली, तर संपूर्ण शेडला करंट येतो. आणि न्यूट्रललाच अर्थ म्हणून सॉकेटच्या वरच्या पिनेला जोडण्याचा प्रकार कुठे दिसला, तर काम तिथेच थांबवावं. तो न्यूट्रल सुटला की प्रत्येक यंत्राचं अंग फेज होतं.

वीज गेली आणि परत आली

सॉ चालू असताना वीज जाते. माणूस बटण बंद करायला विसरतो, पातं साफ करायला हात घालतो आणि वीज येते. हा अपघात टाळण्यासाठी प्रत्येक बसत्या मशीनला नो-व्होल्ट कॉइल असलेला डीओएल स्टार्टर हवा. वीज गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. त्यातला ओव्हरलोड रिले नेमप्लेटवरच्या प्रवाहावर लावून घ्यावा. लाल रंगाचं, तळव्याने दाबता येईल असं थांबवण्याचं बटण दोन्ही हात लाकडावर असतानाही गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल अशा जागी असावं.

पातं बदलताना प्लग काढलेला असावा, आणि तो काढणाऱ्याच्या नजरेसमोर असावा. प्रकाशाबद्दलही एक सूचना: लुकलुकणाऱ्या दिव्याखाली फिरतं पातं स्थिर दिसू शकतं. चांगल्या ड्रायव्हरचे एलईडी वापरावेत आणि थ्री-फेज असेल तर दिवे वेगवेगळ्या फेजवर वाटावेत.

काम कुणाकडून, तपासणी कशी

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावं. नव्या किंवा वाढीव भारासाठी महावितरणला त्याचा चाचणी अहवाल द्यावाच लागतो. मात्र अहवाल नुसता सही-शिक्क्याचा नको, चाचणी समोर झाली पाहिजे. ५०० व्होल्टच्या मेगरने फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला इन्सुलेशनचा अवरोध मोजून घ्यावा. तो निदान एक मेगाओहम हवा, नव्या वायरिंगमध्ये बराच जास्त येतो. प्रत्येक सॉकेटमध्ये फेज उजवीकडे आहे का, अर्थची तार बोर्डापर्यंत सलग आहे का, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर लाइन तुटते का, हे पाहावं. शेवटी सगळ्यांत मोठं मशीन चालू करून त्याच सॉकेटवर व्होल्टेज मोजावं. मीटरपाशी आणि सॉकेटपाशी पाच-सहा व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर जोड सैल आहे किंवा तार बारीक आहे.

पहिला आठवडा मशीन चालवल्यावर, मेन बंद करून, डीबीतले सगळे स्क्रू वायरमनकडून पुन्हा कसून घ्यावेत. तांबं दाबाखाली बसतं आणि स्क्रू ढिले होतात. त्यानंतर दर महिन्याला टेस्ट बटण आणि दर पावसाळ्याआधी अर्थिंगचं मोजमाप.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी हौशी कारागिरांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. तिथे गॅरेजातली साधी सॉकेटं १२० व्होल्टची, ६० हर्ट्झची. मोठ्या सॉला आणि वेल्डरला २४० व्होल्टचं वेगळं सर्किट पॅनेलमधून आणावं लागतं. वेल्डरला नेमा ६-५० हे सॉकेट रूढ आहे आणि ५० अँपिअरच्या सर्किटला ६ गेजची तांब्याची तार लागते. राष्ट्रीय विद्युत संहितेच्या २०२० च्या आवृत्तीपासून गॅरेजातल्या २४० व्होल्टच्या सॉकेटनाही जीएफसीआय संरक्षण सांगितलं आहे. हे काम जवळपास तेच, जे आपला आरसीसीबी करतो. सुट्या गॅरेजच्या सबपॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ वेगळे ठेवावे लागतात आणि तिथे स्वतंत्र अर्थ रॉड लागतो. सुरुवात शहराच्या किंवा काउंटीच्या परवान्यापासून करावी.

परत येताना तिथली मशीन सोबत आणणाऱ्यांनी नेमप्लेट नीट वाचावी. ६० हर्ट्झसाठी बनवलेली इंडक्शन मोटार आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि जास्त तापते. ट्रान्सफॉर्मर लावून हा दोष जात नाही. ब्रश असलेली १२० व्होल्टची हातातली हत्यारं मात्र योग्य क्षमतेच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर बरी चालतात.

ज्यांची शेड आधीच चालू आहे, त्यांनी सगळं एकदम बदलण्याची वाट पाहू नये. या रविवारी डीबी उघडायला वायरमनला बोलवावं आणि तीनच गोष्टी विचाराव्यात: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, अर्थिंगचे ओहम किती, आणि वेल्डिंगच्या सॉकेटला कोणती तार आहे. यातल्या एकाचंही उत्तर समाधानकारक नसेल, तर ते दुरुस्त होईपर्यंत मोठी मशीन बंद ठेवावीत.